‘लोकांच्या वतीने’ : निवडणुकीस उभ्या राहिलेल्या सरकारी वकिलाची भाषा

(१)

फौजदारी खटल्याच्या मथळ्यात आरोपीच्या नावासमोर कोणाचे नाव लिहावे, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा आहे. स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडील मथळ्यांत बादशहाचे नाव असे. आज तेथे ‘महाराष्ट्र राज्य’ असते. इंग्लंडात अद्यापि राजाच्याच नावाने खटला चालतो. अमेरिकेत मात्र राज्यागणिक रीत निराळी. न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय या राज्यांत ‘लोक विरुद्ध अमुक’ असे लिहितात; पेनसिल्व्हेनिया आणि मॅसॅच्युसेट्स ही राज्ये स्वतःस ‘कॉमनवेल्थ’ म्हणवितात व त्या नावाने खटले भरतात; इतर पुष्कळ ठिकाणी ‘राज्य विरुद्ध अमुक’ एवढेच असते. न्यायालयाच्या व्यवहारात यामुळे काही फरक पडतो असे नाही. परंतु ज्या देशात सरकारी वकील मते मागून निवडून येतो, त्या देशात मथळ्यातील हा शब्द न्यायालयातून उठून व्यासपीठावर जातो, आणि तेथे गेल्यावर त्याचा अर्थ पूर्वीचाच राहत नाही. या अर्थांतराचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आपल्याकडील वाचकास या पदाची थोडी ओळख करून देणे अवश्य आहे. भारतात सरकारी वकिलाची नेमणूक शासन करते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तशी तरतूद होती आणि २०२४ च्या जुलैपासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. तपास पोलिस करतात, दोषारोपपत्रही तेच दाखल करतात. वकील ते प्रकरण न्यायालयापुढे चालवितो. अमेरिकेत अलास्का, कनेक्टिकट, न्यू जर्सी यांसारखी थोडी राज्ये वगळता जिल्ह्याचा मुख्य अभियोक्ता मतदार निवडतात. मिसिसिपी राज्याने ही प्रथा १८३२ मध्ये सुरू केली. पेनसिल्व्हेनियाने ती १८५० मध्ये स्वीकारली. कोणावर आरोप ठेवावयाचा, कोणता ठेवावयाचा, जामिनास विरोध करावयाचा की नाही, हे बव्हंशी हा एक मनुष्य ठरवितो. तेथील नव्वद टक्क्यांहून अधिक फौजदारी शिक्षा साक्षीपुरावे होऊन लागत नाहीत. आरोपी व अभियोक्ता यांच्यातील कबुलीच्या तडजोडीने लागतात. म्हणजे न्यायाधीशासमोर येण्यापूर्वीच बहुतेक प्रकरणांचा निकाल ठरून गेलेला असतो. रॉबर्ट जॅक्सन यांनी १९४० मध्ये अभियोक्त्यांसमोरच केलेल्या एका भाषणात या पदाच्या सत्तेचे वर्णन करताना, मनुष्याचे जीवित, स्वातंत्र्य व लौकिक यांवर एवढा ताबा अमेरिकेत दुसऱ्या कोणाचाही नाही, अशा आशयाचे उद्गार काढले होते. त्या उद्गारांत अतिशयोक्ती थोडी आणि सत्य फार आहे.

(२)

अशा पदाची निवडणूक दीर्घकाळ एकाच सुरात होत आली. ती पुष्कळदा बिनविरोध होई, आणि विरोध झालाच तर ‘मी अधिक कडक’ असे म्हणण्याची चढाओढ लागे. फिलाडेल्फियात १९९१ ते २०१० पर्यंत हे पद भूषविणाऱ्या लिन एब्राहम यांची ख्याती फाशीची मागणी वारंवार करण्याबद्दल होती, आणि त्या पुनःपुन्हा निवडून येत राहिल्या. विसाव्या शतकाच्या अखेरीस तुरुंग भरत गेले. त्याची कारणे सांगताना जॉन फाफ यांनी २०१७ च्या आपल्या ग्रंथात पोलिस व न्यायाधीश यांच्यापेक्षा अभियोक्त्याकडे बोट दाखविले; एंजेला डेव्हिस या विधिज्ञ लेखिकेने त्याच्या दहा वर्षे आधी अभियोक्त्याच्या स्वेच्छाधिकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. तेव्हा ज्या हाताने तुरुंग भरले तोच हात ते रिकामेही करू शकेल, असा विचार पुढे येणे स्वाभाविक होते.

२०१७ मध्ये फिलाडेल्फियाचे तत्कालीन अभियोक्ता सेथ विल्यम्स लाचखोरीच्या प्रकरणात सापडले व त्यांना तुरुंगात जावे लागले. त्या निवडणुकीत लॅरी क्रॅस्नर उभे राहिले. त्यांनी अभियोक्ता म्हणून कधी काम केले नव्हते. उलट आरोपींचे वकीलपत्र घेण्यात व पोलिसांवर दावे लावण्यात त्यांची तीस वर्षे गेली होती. डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत सात उमेदवारांतून सुमारे ३८ टक्के मते मिळवून ते पुढे आले आणि नोव्हेंबरात सुमारे तीन-चतुर्थांश मतांनी निवडून आले. जॉर्ज सोरोस यांनी पुरविलेले चौदा लाखांहून अधिक डॉलर त्यांच्या प्रचारामागे होते; ही गोष्ट लपवून ‘वस्तीतून उठलेली चळवळ’ एवढेच सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तशीच, वस्त्यांतून दारोदार फिरणारे कार्यकर्ते होते हे नाकारणेही नाही. यानंतर अशा उमेदवारांची एक मालिकाच लागली. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात टिफनी कबान प्राथमिक निवडणुकीत फेरमोजणीनंतर साठ-एक मतांनी पडल्या. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत चेसा बूडिन निवडून आले. ते आरोपींचे सरकारी बचाव-वकील होते, आणि त्यांचे आईवडील दोघेही ते तान्हे असतानाच तुरुंगात गेले होते.

या सर्वांच्या प्रचारभाषेत तीन नामे सतत भेटतात : न्याय, समुदाय आणि सुरक्षितता. क्रॅस्नर यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनाचे नावच ‘लोकांसाठी’ अशा अर्थाचे आहे. चमत्कार असा की, त्यांच्या राज्यात खटला ‘लोकां’च्या नावाने चालतच नाही, तो ‘कॉमनवेल्थ’च्या नावाने चालतो. हे शब्द जेथे अक्षरशः वकिलाच्या तोंडी असतात त्या कॅलिफोर्नियातील कमला हॅरिस यांनी २०१९ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी तेच घोषवाक्य केले होते. हॅरिस यांच्या तोंडी ते गतकार्याचे स्मरण होते. क्रॅस्नर यांच्या मुखपृष्ठावर ते एक मागणी आहे. हे ‘लोक’ कोणते, हाच खरा वाद आहे. मथळ्यातील ‘लोक’ आरोपीच्या विरुद्ध बाजूस उभे असतात. नव्या उमेदवाराच्या ‘लोकां’त मात्र आरोपी, त्याची आई, त्याची वस्ती आणि त्याने जिला लुबाडले ती शेजारीण ही सर्वच येतात. एकच शब्द, एकदा आरोपीस वगळून आणि एकदा त्याला पोटात घेऊन, असा दोन परींनी वापरला जातो. आणि वक्ता एकीकडून दुसरीकडे गेला हे श्रोत्यास कळत नाही.

(३)

‘समुदाय’ या शब्दाची हकीगत याहून बोधप्रद आहे. या शब्दाची अभियोगाशी सांगड सुधारकांनी प्रथम घातली असे नव्हे. ओरेगन राज्यातील पोर्टलंड शहरात १९९० मध्ये ‘समुदाय-अभियोग’ म्हणून जो प्रयोग सुरू झाला, त्याची प्रेरणा लॉइड भागातील व्यापाऱ्यांची होती. फूटपाथवर झोपणारे, दारू पिऊन गोंधळ घालणारे, किरकोळ चोऱ्या करणारे यांचा बंदोबस्त करणारा वकील त्या भागासाठी त्यांना हवा होता. तेथे ‘समुदाय’ म्हणजे तक्रार करणारा, दुकान असलेला, ज्याचे नाव करदात्यांच्या यादीत आहे असा वर्ग. २०१७ नंतरच्या प्रचारात तोच शब्द तुरुंगांत ज्यांची मुले गेली त्या वस्त्यांस लावला गेला. शब्द तोच राहिला. त्याचा निर्देश मात्र शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला.

अशा शब्दाचा उपयोग जसा उमेदवारास होतो तसाच प्रतिपक्षासही होतो. सॅन फ्रान्सिस्कोत हेच घडले. बूडिन यांना परत बोलाविण्यासाठी जी मोहीम उभी राहिली तिने त्यांच्या शब्दांना विरोध केला नाही. ते शब्दच उचलले. आम्हीही समुदाय आहोत, आम्हांसही न्याय हवा, आणि सुरक्षितता तर प्रथम हवी, असे मोहिमेचे म्हणणे होते. आशियाई वंशाच्या वृद्धांवर झालेल्या हल्ल्यांमुळे व्यथित झालेले अनेक नागरिक त्या मोहिमेत होते, आणि त्यांची व्यथा खोटी नव्हती. ७ जून २०२२ रोजी सुमारे ५५ टक्के मतदारांनी बूडिन यांना पदावरून दूर केले. ज्या नामास निश्चित निर्देश नाही ते नाम निवडणुकीत ज्याच्या हाती पडेल त्याचे होते, हा यातील बोध होय.

येथे एक आक्षेप संभवतो. निवडणुकीची भाषा ही निवडणुकीचीच असते. तिचा एवढा कीस कशाला काढावयाचा, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप इतर पदांच्या बाबतीत कदाचित ग्राह्य ठरेल; या पदाच्या बाबतीत ठरणार नाही. ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानांत उक्ती ही कृती कशी होते हे दाखविले. ती व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. वचन देणे ही अशीच उक्तिरूप कृती होय, आणि ती सफल होण्यास काही अटी लागतात. वचन दिलेली गोष्ट वचन देणाऱ्याच्या हातची असली पाहिजे, ही त्यांतील पहिली अट. या कसोटीवर अभियोक्त्याच्या जाहीरनाम्याचे तीन भाग पडतात. ‘मी अमुक आरोप ठेवणार नाही’ हे निवृत्तीचे वचन. ‘मी अमुक व्यवस्था उभारीन’ हे रचनेचे वचन. आणि ‘मी शहर सुरक्षित करीन’ हे फलाचे वचन. पहिले पूर्णपणे त्याच्या अधिकारातील आहे, कारण आरोप ठेवणे त्याच्याच हाती असते. दुसऱ्यास न्यायाधीश, पोलिस, विधिमंडळ यांची साथ लागते. तिसरे तर कोणाही एका मनुष्याच्या हाती नाही.

(४)

१५ फेब्रुवारी २०१८ रोजी क्रॅस्नर यांनी आपल्या सहायकांस उद्देशून काढलेले आज्ञापत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. गांजा जवळ बाळगल्याबद्दल, मग वजन कितीही असो, आरोप ठेवू नये. वेश्याव्यवसाय करणाऱ्या व्यक्तीस पूर्वी दोनपर्यंतच शिक्षा झाल्या असतील तर तिच्यावर तो आरोप ठेवू नये. दुकानातील पाचशे डॉलरांखालील चोरी एरवी किरकोळ अपराध समजावी. आणि शिक्षेची मागणी करताना त्या तुरुंगवासाचा खर्च न्यायालयात उघडपणे सांगावा. एका मनुष्यास एक वर्ष डांबण्यास निदान बेचाळीस हजार डॉलर लागतात. म्हणून तीन वर्षांची शिक्षा मागणाऱ्या वकिलाने एक लाख सव्वीस हजारांचा आकडा उच्चारावा आणि एवढा खर्च का योग्य आहे तेही बोलून दाखवावे. एका वर्षाचा तो खर्च नव्या शिक्षकाच्या किंवा अग्निशामक जवानाच्या वार्षिक पगाराइतका असतो, असेही पत्रात म्हटले आहे. त्याच महिन्यात पंचवीस प्रकारच्या लहान अपराधांत रोख जामीन मागू नये, असाही आदेश निघाला.

गद्य म्हणून या आज्ञापत्राचा दर्जा, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्याच्या कर्त्याच्या भाषणांहून वरचा आहे. येथे नामांचा फुलोरा नाही, क्रियापदे आहेत. प्रत्येक क्रियापदास कर्म आहे, आणि कर्मास रकमेची किंवा संख्येची मर्यादा आहे. विरोधकासही याचा प्रतिवाद नेमकेपणाने करता येतो. पाचशेच डॉलर का, असे दुकानदार विचारू शकतो, आणि तो प्रश्न रास्त आहे. रोख जामिनाच्या आदेशाची पुढे शास्त्रीय तपासणी झाली, आणि आरोपी न्यायालयात हजर न राहण्याचे किंवा नवा अपराध करण्याचे प्रमाण त्यामुळे वाढल्याचे ऊस व स्टीव्हन्सन या अभ्यासकांस आढळले नाही. वचन निश्चित होते म्हणूनच ही तपासणी शक्य झाली. ‘समुदायास न्याय मिळाला काय’ याची तपासणी कोणी कशी करणार?

फलाच्या वचनाचे काय होते तेही फिलाडेल्फियातच दिसले. २०२१ मध्ये त्या शहरात ५६२ खून झाले; एवढे पूर्वी कधी नोंदले गेले नव्हते. प्रतिपक्षाने त्याचा दोष अभियोक्त्याच्या माथी मारला. २०२२ च्या नोव्हेंबरात राज्याच्या प्रतिनिधिगृहाने त्यांच्यावर महाभियोग संमत केला. तो पुढे न्यायालयांत टिकला नाही. २०२४ मध्ये खुनांची संख्या २७० च्या आसपास उतरली, तेव्हा समर्थकांनी त्याचे श्रेय मागितले. वस्तुतः २०२० मध्ये खुनांची संख्या देशभर सुमारे तीस टक्क्यांनी वाढली होती, आणि त्यात कडक अभियोक्त्यांची शहरेही होती. पुढील उतारही देशव्यापीच होता. ज्याने चढणीचा दोष नाकारला त्याला उताराचे श्रेय घेता येत नाही. मतदारांनी क्रॅस्नर यांना २०२१ मध्ये व पुन्हा २०२५ मध्ये निवडून दिले. तिकडे लॉस एंजेलिसच्या गॅस्कॉन यांना २०२४ मध्ये पाडले. या निकालांचे कारण केवळ भाषेत शोधणे भाबडेपणाचे होईल. त्यांत पैसा, पक्षनिष्ठा, वर्तमानपत्रे, महामारीनंतरची अस्वस्थता ही सर्व आहेत. एवढेच म्हणता येईल की, निश्चित वचनामुळे निदान वाद तरी निश्चित होतो.

परंतु येथेच या आज्ञापत्रातील उणीवही सांगितली पाहिजे, आणि ती लहान नाही. त्यातील क्रियापदांचा कर्ता कोण? सहायक अभियोक्ते. आज्ञा देणारा कोण? मुख्य अभियोक्ता. ज्या वस्तीच्या नावाने मते मागितली ती वस्ती वाक्यात कर्तृस्थानी कोठेच येत नाही; फार तर संप्रदानात येते, म्हणजे तिच्यासाठी कोणी काही करतो. प्रचारात जी नामरूपाने सर्वत्र होती ती कारभारात क्रियापदापाशी नाहीशी झाली. सत्ता उदार झाली हे खरे. परंतु ती होती तेथेच, एका कचेरीत राहिली. उद्या दुसरा मनुष्य निवडून आला तर तो एका कागदाने हे सर्व फिरवील. सॅन फ्रान्सिस्कोत बूडिन यांच्या जागी आलेल्या ब्रुक जेन्किन्स यांनी त्यांची अनेक धोरणे थोड्याच काळात बदलली, हे याचे उदाहरण आहे.

याच्या उलट ब्रुकलिनमधील ‘कॉमन जस्टिस’ या संस्थेची रीत पाहावी. डॅनिएल सेरेड यांनी २००८ मध्ये ती सुरू केली, आणि २०१९ च्या ग्रंथात त्या कार्याची मीमांसा केली. गंभीर मारहाणीच्या वा लुटीच्या प्रकरणात ज्याला इजा झाली त्याची संमती असेल तरच प्रकरण या मार्गाने जाते. दोन्ही पक्ष एकत्र बसून झालेली हानी कशी भरून काढावयाची ते ठरवितात. आणि तो ठराव पाळला गेला तर तुरुंगवास टळतो. येथे ‘मी संमती देतो’ हे वाक्य जखमी मनुष्याचे आहे. कर्तृपद प्रत्यक्ष बदलले आहे. मात्र असे प्रकरण अभियोक्त्याने सोडले तरच तेथे जाते, हेही विसरता येत नाही; आणि म्हणूनच अभियोक्ता कोण आहे या प्रश्नाचे महत्त्व शेवटी उरतेच.

(५)

हा सर्व विचार मराठीत आणताना जी अडचण येते ती नुसती परिभाषेची नाही. आमच्या एका चर्चावर्गात या प्रचारसाहित्यातील एका उताऱ्याचे भाषांतर चालले होते. एका विद्यार्थ्याने ‘समाजाचा न्याय’ असा शब्द वापरला. तेव्हा मागील बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, म्हणजे जातपंचायतीचा न्याय का?” वर्ग हसला; ती हसली नाही. तिच्या चुलत्यास पंचांनी वाळीत टाकले होते, हे पुढे तिच्याकडूनच कळले. तिने शब्दाचा अर्थ चुकीचा लावला नव्हता. ‘आमच्या समाजाचा मुलगा’, ‘समाजाची बैठक’ या प्रयोगांत मराठी मनुष्य ‘समाज’ हा शब्द जात या अर्थानेच योजतो. कोशातील अर्थ व्यापक असेल. बोलण्यातील अर्थ तो आहे.

या अर्थामागे इतिहास आहे. मराठेशाहीत गोतसभा निवाडे करीत व त्यांचे महजर होत, वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात त्या न्यायपद्धतीचे साधार विवेचन केले आहे. महजरावर पाटलाच्या नांगराची निशाणी असे, इतर वतनदारांच्याही असत. वस्तीने वस्तीचा निवाडा करण्याचे हे उदाहरण आपल्या अभिमानाचा विषय होऊ शकेल. परंतु ज्यास वतन नाही त्याचे त्या सभेत काय स्थान होते, हे विचारल्यावाचून तो अभिमान बाळगू नये. वाळीत टाकण्याच्या प्रथेविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये कायदा केला. तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धर्मसंप्रदायाच्या स्वातंत्र्याच्या कारणास्तव रद्द ठरविला. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये नवा अधिनियम केला व तो २०१७ मध्ये अंमलात आला. म्हणजे अमेरिकेतील सुधारक ज्या काळात न्याय कचेरीतून काढून समुदायाकडे नेऊ पाहत होते, त्याच काळात आपण समुदायाच्या न्यायापासून व्यक्तीस वाचविण्यासाठी कचेरीचे दार उघडीत होतो. या दोन प्रवृत्ती परस्परविरोधी दिसतात. वस्तुतः दोहोंमागे एकच प्रश्न आहे : निवाडा करणाऱ्यांच्या वर्तुळात बसण्याचा अधिकार कोणाला, आणि तेथून उठून जाण्याची मुभा कोणाला?

म्हणून ‘सामुदायिक न्याय’, ‘लोकन्याय’ यांसारखे गोंडस प्रतिशब्द बनविण्याची घाई करू नये, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ‘सामाजिक न्याय’ हा शब्द तर निराळ्या अर्थाने रूढ झालेला आहे. त्याला यात ओढू नये. जेथे मूळ लेखक वस्ती म्हणतो तेथे वस्ती म्हणावे, जेथे इजा झालेली व्यक्ती म्हणतो तेथे तसे म्हणावे. आणि जेथे तो नुसतेच ‘समुदाय’ म्हणून थांबतो तेथे भाषांतरकाराने त्याला अर्थ विचारावा. पुष्कळदा उत्तर मिळणार नाही. ते न मिळणे हाही समीक्षेचा एक निष्कर्षच होय.

जाहीरनाम्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एवढी पद्धत अंगी बाणवावी : नामे मोजण्याऐवजी क्रियापदे शोधावीत, प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कोण ते पाहावे, आणि ती क्रिया त्या कर्त्याच्या हातची आहे काय, हे विचारावे. या कसोटीस उतरणाऱ्या ओळी कोणत्याही जाहीरनाम्यात थोड्याच सापडतील. परंतु एखाद्या आरोपीची रात्र कोठडीत जाणार की घरी, हे त्या थोड्या ओळींनी ठरते. त्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न त्यानंतर वर्गात पुन्हा निघाला नाही. आमच्या टिपणवहीत मात्र ‘समाज’ या शब्दापुढे तो तसाच लिहून ठेवला आहे.